पाच कीबोर्ड आणि एक पट्टी

आमच्या घरात आज पाच कीबोर्ड आहेत. दोन नीट वाजतात. एकाच्या मधल्या सात पट्ट्या मुक्या झाल्यात, एकावर बायको इस्त्रीचे कपडे रचते, आणि पाचवा, सगळ्यात नवा आणि सगळ्यात हुशार, खोळीत घालून कपाटावर ठेवलाय. तो मी वाजवत नाही. का वाजवत नाही ते सांगायचं तर माझ्या गायकाबद्दल सांगावं लागेल, आणि त्या गोष्टीत माझी बाजू काही फार उजळ नाही. पण सांगतो.

या वाद्याला लोक वाट्टेल ते म्हणतात. बँडवाले पियानो म्हणतात, भजनवाले पेटी म्हणतात, मंगल कार्यालयाचा मॅनेजर ‘ते तुमचं मशीन तिकडं कोपऱ्यात लावा’ म्हणतो. माझ्या मते मॅनेजरचंच बरोबर आहे. मी मशीनवालाच माणूस. चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, दिवसभर व्हर्निअर घेऊन पिस्टन मोजायचे. रेघभर जास्त भरला की रिजेक्ट. आर्जवं करणारे सुपरवायझर मी पुष्कळ पाहिले, पण सोडला नाही कधी एकही पार्ट. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगतोय.

पहिला कीबोर्ड घेतला तो नोकरीत पर्मनंट झाल्यावर. बारक्या पट्ट्यांचा, बॅटरीवर चालणारा, जवळपास खेळणंच. त्यावर मी एकच पट्टी शिकलो होतो, पांढरी एक. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका सप्तकात पांढऱ्या सात पट्ट्या आणि काळ्या पाच. गायकाचा ‘सा’ ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. पांढरी एक धरली की सगळं गाणं पांढऱ्यांवरच वाजतं, काळ्यांच्या वाटेला जावं लागत नाही. नवशिके सगळे तिथंच राहतात. काही जण जन्मभर राहतात.

तर त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीत मशीनपूजा होती. लेथला झेंडूच्या माळा, कॉम्प्रेसरला कुंकू, पोरंबाळं नटून आलेली. दुपारी शॉप फ्लोअरवरच गाण्यांचा कार्यक्रम. मी माझं खेळणं टेबलावर मांडून बसलो. वेल्डिंग शॉपमधला एक माणूस पुढं आला. लातूरकडचा, नुकताच लागलेला, शर्टावर ठिणग्यांची भोकं. म्हणाला, “काळी चार दे.”

मी म्हणालो, “पांढरी एक चालेल का?”

“गळा माझा वर हाय अन् तुझी बोटं खाली कशाला ठेवायलास? शीक की राव!”

सगळे हसले. पण त्यानं मग नुसत्याच टाळीवर गाणं म्हटलं. शेवटच्या वरच्या सुराला तो जो गेला आणि तिथं जो थांबला, की मागं ग्राइंडरवरची दोन माणसं चष्मे कपाळावर ढकलून बघत राहिली. त्या रात्रीपासून मी काळी चार शिकायला बसलो. महिन्याभरात आली. त्याच्यामुळं मग बाकीच्याही आल्या. माझ्याकडं जे काही वादन आहे ते या माणसाच्या टोमण्यातून आलंय, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आम्ही ग्रुप काढला. सात जण होतो. बेस गिटार, ढोलक, काँगो, ऑक्टोपॅड, गाणारे दोन आणि मी. मग मी दुसरा कीबोर्ड घेतला. मोठ्या पट्ट्यांचा, फ्लॉपी लागणारा. त्यात डाव्या हातानं बेस निघायचा, तेव्हा बेस गिटारवाल्याची गरज उरली नाही. तिसरा घेतला तो इतका जड की उचलायला दोन माणसं लागत. त्यात काँगो होते. चौथ्यात पेनड्राइव्ह घातला की ढोलक, तबला, सनई, सगळी वरात निघायची. प्रत्येक कीबोर्ड आला आणि ग्रुपमधलं एखाद-दुसरं माणूस घरी गेलं. कुणी भांडून गेलं नाही. कार्यक्रम लावणारेच म्हणायचे, “एवढी माणसं कशाला? गाडीत बसतील एवढीच आणा.” शेवटी उरलो दोघं. मी आणि तो.

मधल्या काळात माझी कंपनी बंद पडली. मी पूर्णवेळ यातच उतरलो. सकाळी क्लास, दुपारी हळद, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग. तो चाकणच्या प्लांटमध्ये लागला, पण रविवार आणि सुट्टी माझीच. हळद म्हटलं की राजगुरुनगरपर्यंत आम्हालाच बोलवायचे. बोलवायचे म्हणजे त्याला. ‘तो काळी चारवाला आहे का?’ असं विचारायचे. माझं नाव कुणी विचारत नसे, आणि मला त्याचं काही वाटत नसे. निदान तसं मी म्हणायचो.

त्याची एक सवय होती. गावाकडं पेटीशेजारी बसून शिकलेला माणूस, सुरू करण्याआधी तो माझ्या बोटांकडं बघायचा. काळी चार दाबलेली दिसली की डोळे मिटायचा आणि सूर लावायचा. पुढं पुढं तर त्याचा खेळच केला त्यानं. माइकवर सांगायचा, “मंडळी, ओरिजिनल पट्टी! काळी चार! ज्याला खोटं वाटंल त्यानं हितं येऊन बोटं बघावीत.” आणि येत लोक. काका-मामा येत, मोबाईलमध्ये माझ्या बोटांचा फोटो काढत. मी आपला शहाण्यासारखा बोट दाबून बसायचो.

पट्टी उतरवणाऱ्या गायकांची त्याला भयंकर चीड. “पट्टी उतरली की गायक संपला,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. देहूरोडचे एक काका होते, दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, जुनी गाणी छान म्हणायचे, पण वयोमानानं दोन-तीन पट्ट्या खाली. एकदा एका लग्नात ते गायला उभे राहिले तर आमच्या पठ्ठ्यानं माइकवरच विचारलं, “काका, तळघरात गाताय काय?” मांडव हसला. काकाही हसले आणि गाणं पुरं न करता खाली बसले. नंतर आम्ही असलो की ते गायला उठत नसत.

आता मुद्द्यावर येतो.

चाकणला एका हळदीला आम्ही गेलो होतो. दुपारचं ऊन, कांद्याच्या गाड्यांचा रस्ता, सगळीकडं धूळ. साउंड तपासताना तो वरच्या सुराला गेला आणि आवाज चिरकला. पाणी प्याला, परत गेला, परत चिरकला. “सर्दी हाय,” म्हणाला. सर्दीबिर्दी काही नव्हती. पन्नाशी उलटलेली आणि पंचवीस वर्षं वेल्डिंगचा धूर छातीत. मला दिसत होतं. त्यालाही दिसत असावं, कारण त्याचा चेहरा असा पडला होता की मला बघवेना. मंडपात माणसं जमायला लागली होती.

कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. एकदा दाबलं की सगळं वाद्य अर्धा सूर खाली येतं. पट्ट्या त्याच, बोटं तीच, आवाज खालचा. मी ते एकदा दाबलं. स्क्रीनवर वजा एक आलं. स्क्रीन माझ्या बाजूला असते, गायकाला दिसत नाही. त्यानं माझी बोटं बघितली, काळी चार दिसली, डोळे मिटले. आणि गाणं लोण्यासारखं गेलं. मांडवातून उतरताना त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. “बघितलंस का! आज कसला लागलाय गळा!” इतका खूश होता, इतका खूश, की मी म्हटलं, राहू दे. सर्दी बरी झाली की वर नेऊ.

सर्दी काही बरी झाली नाही. पुढच्या वर्षी वजा दोन. मग वजा तीन. सात वर्षांत वजा चार. बोटं काळी चारवर आणि आवाज पांढरी तीनचा. तोच गायक, तोच थाट, ‘या, बोटं बघा’ तेच. मी ज्या हातानं रेघभर जास्तीचा पिस्टन रिजेक्ट केला त्याच हातानं हे पास करत होतो.

एकदा चौथ्या कीबोर्डच्या पट्ट्या अडकायला लागल्या म्हणून पिंपरीतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडं गेलो. चाचा म्हणतो मी त्याला, वयानं फार मोठा नाही. वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, हा आता मोबाईलपासून कीबोर्डपर्यंत सगळं करतो. दरवर्षी खंडेनवमीनंतर मी त्याच्याकडं जाणारच. मी घरी सगळे कीबोर्ड सतरंजीवर मांडून हळदकुंकू वाहतो, आणि कुंकू पट्ट्यांच्या फटीत जातं. दरवर्षी तो ब्रशनं लाल भुकटी काढतो आणि म्हणतो, “भाऊ, देवाला हात जोडा, याला रंगवू नका.” आणि मी दरवर्षी रंगवतो.

त्या दिवशी त्यानं वरचं झाकण काढलं, बटणांची रांग बघितली आणि थांबला. “भाऊ, बाकी सगळी बटणं नवी आहेत. हे एकच घासून पार गुळगुळीत झालंय. ट्रान्सपोज. एवढं काय करता याचं?”

मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं.

“त्यांना माहीत आहे?”

“नाही.”

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “तोबा. सात वर्षं? भाऊ, सांगून टाका. दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल.”

बायकोही तेच म्हणत होती. तिला केव्हाच कळलं होतं, घरी सराव चालतो तो स्वयंपाकघरात ऐकू जातोच. मी तिला म्हणालो, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” ती म्हणाली, “मूठ भाऊजींची. झाकताय तुम्ही.” आणि भाजी फोडणीला टाकली. मी चिडलो.

सांगत का नव्हतो? मी स्वतःला सांगायचो की कळलं तर तो गाणं सोडेल. ‘पट्टी उतरली की गायक संपला’ हे त्याचंच वाक्य, आणि हा माणूस गाण्याशिवाय कसा राहील? हे कारण खरं होतं. दुसरं कारण, त्याच्या नावावर आमचे कार्यक्रम लागत होते आणि माझं घर त्यावर चालत होतं. हेही खरं. तिसरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. मला मजा यायची. सगळा मांडव त्याच्या गळ्याला टाळ्या वाजवायचा, आणि तो गळा कुठं आहे हे एका मलाच ठाऊक असायचं. इतकी वर्षं माझं नाव न विचारणाऱ्यांच्या मध्ये बसून हे माहीत असणं बरं वाटायचं. आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

एकट्या मलाच ठाऊक होतं असंही नव्हतं म्हणा. देहूरोडचे काका एकदा बाजारात भेटले. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “तुमच्या गायकाची काळी चार अलीकडं फार समजूतदार झालीय हो.” पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणं बाहेरही कुठं बोलले नाहीत.

मग त्याची रिटायरमेंट आली.

निरोपाचा कार्यक्रम प्लांटच्या कँटीनमध्ये, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. त्यानं मॅनेजरला सांगून ठेवलं होतं की हार-तुरे नकोत, मला तीन गाणी म्हणू द्या. गावाकडून भाऊबंद आले होते, मुलगी-जावई आले होते. त्याचा मान म्हणून मी नवा कीबोर्ड घेतला, हा पाचवा. टचस्क्रीन, काचेसारखा गुळगुळीत. दुकानातून आणून मला जेमतेम चार दिवस झाले होते. चाचानं ते घासलेलं बटण दाखवल्यापासून मी जुन्या कीबोर्डमध्ये प्रत्येक गाण्याचं सेटिंग वजा चारसकट साठवून ठेवलेलं होतं, बटण दाबलं की सगळं जागेवर. नव्यात ते साठवायचं राहून गेलं. सकाळी मी वजा चार हातानंच लावलं आणि म्हटलं, आजच्यापुरतं चालतंय.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्याची शेवटची ओळ चालू असताना लाईट गेली. कंपनीच ती, आठ-दहा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, पंखे फिरायला लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माइकवर म्हणाला, “लाईटबी म्हणायलीय, जाऊ नको!” सगळं कँटीन हसलं. मीही हसलो. नवा कीबोर्ड पुन्हा सुरू झाला, मी ठेका निवडला, व्हायोलिन निवडलं, आवाज बघितला. बंद पडून सुरू झालं की ट्रान्सपोज शून्यावर जातो. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. मला माहीत होतं. पण साठवलेल्या बटणांची सवय लागलेली, हातानं लावलेलं मी विसरलो.

तिसरं गाणं त्याचं हुकमी. तेच खंडेनवमीचं. “ओरिजिनल पट्टी,” तो म्हणाला, “आज शेवटची बारी. काळी चार. बघा बोटं!” त्यानं बघितली. मी सुरू केलं.

बायको विचारते की तुम्हाला सुरुवातीलाच कसं ऐकू आलं नाही. जनरेटरची घरघर होती, लोक बोलत होते, आणि खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो, मी नव्या स्क्रीनकडं बघत होतो. त्यानं पहिली ओळ म्हटली तेव्हा त्याच्या मानेची शीर तटतटली. दुसऱ्या ओळीला मला कळलं. गाणं चालू असताना मध्येच चार पट्ट्या खाली आणता येत नाही, सगळ्या कँटीनला ऐकू आलं असतं. मी नुसता वाजवत राहिलो आणि तो वर वर चढत राहिला. वरच्या सुराशी पोचला आणि आवाज फाटला. नुसता चिरकला नाही, मधोमध फाटला आणि पुढं हवाच आली.

मागं कुणीतरी हसलं. त्याची मुलगी खुर्चीतून उठली.

त्यानं तिला हातानंच बस म्हणून सांगितलं. पाणी प्याला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “परत घे.”

मी काय करायला हवं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी स्क्रीनवर चार वेळा बोट टेकवलं. वजा चार. आणि बोट ठेवलं काळी चारवर. सूर निघाला तो खालचा.

आत्ताच, मिनिटभरापूर्वी, त्यानं खरी काळी चार ऐकली होती. नुसती ऐकली नव्हती, तिच्याशी झुंजला होता. आता बोट त्याच काळ्या पट्टीवर आणि आवाज एवढा खाली. पेटीवर शिकलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो माइक हातात धरून माझ्या बोटाकडं बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडं. सुरुवातीचा तुकडा मी एकदा वाजवला, दोनदा वाजवला, तीनदा वाजवला. त्यानं सुरू करावं म्हणून मी मनात अक्षरशः हात जोडत होतो.

गायला तो. पूर्ण गायला, वरच्या सुरासकट. टाळ्या पडल्या, मॅनेजरनं शाल घातली, नारळ दिला. कार्यक्रमाच्या शेवटी तो नेहमी माइकवर माझं नाव घ्यायचा. एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी नाही घेतलं. माइक स्पीकरवर ठेवला आणि जेवणाच्या रांगेकडं गेला.

तीन आठवडे फोन नाही. मी केले ते उचलले नाहीत. शेवटी एका सकाळी चाकणला त्याच्या घरी गेलो. तो गॅलरीत कूलर उघडून बसला होता. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या.

“किती वर्षं?” त्यानं विचारलं. मान वर न करता.

“सात.”

“किती खाली?”

“चार.”

त्यानं कूलरच्या जाळीतलं गवत उपसून पेपरावर टाकलं. मग एकदम उसळला. “सात वर्षं मी लोकांस्नी बोटं बघाय बोलवायलो! ज्यांना कान हायेत त्ये काय म्हनत आसतील? देहूरोडच्या काकांना मी भर मांडवात तळघर म्हनलो होतो. तवा मी कुठं होतो? मीबी तळघरातच हुतो ना? अन् तुला म्हाईत होतं!”

“त्या वेळी नव्हतास. ते आधीचं,” मी म्हणालो. हे वाक्य किती फालतू आहे हे तोंडातून गेल्यावर कळलं.

“गप ए.”

मी म्हणालो, “तू गाणं सोडशील असं वाटलं मला. तूच म्हणायचास, पट्टी उतरली की गायक संपला.”

“म्हनायचो. मी लई काय काय म्हनतो.” तो माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघत म्हणाला, “तू सांगितलं असतंस तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस बोललो नसतो, अन् नवव्या दिवशी खाली गायलो असतो. एवढंच झालं असतं. एवढंच! त्यापायी सात वर्षं येडा केलास मला.”

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “चहा गार व्हायलाय.” निघताना त्यानं दारापर्यंत येऊन माझी गाडी पावसात नीट चालते का ते विचारलं. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नंतर ऐकलं की तो देहूरोडला काकांच्या घरी जाऊन आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

मी दुसऱ्या गायकांबरोबर वाजवायला लागलो. नव्या कीबोर्डला हात लावला की मला ते कँटीन आठवतं, म्हणून चौथाच वापरतो. गायक समोर आला की मी पहिल्यांदा मोठ्यानं सांगतो, इतकी पट्टी खाली घेतोय. काही चिडतात, एक तर उठून गेला. जाऊ दे.

या वर्षी त्याच्या मुलीला मुलगी झाली. बारशाचं निमंत्रण द्यायला त्याचा स्वतःचा फोन आला. मला इतका आनंद झाला की मी लगेच विचारलं, “कुठला कीबोर्ड आणू?”

तो म्हणाला, “वाजवायचं न्हाई. वहिनीला घेऊन जेवायला ये.”

गेलो. फोन ठेवल्यापासून मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, पण गेलो. दुपारी बाराला बायकांनी पाळणा म्हटला, बाळाचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता आजोबांनी म्हणायचं. तो पाळण्याशेजारी सतरंजीवर बसला. माइक नाही, वाद्य नाही. डोळे मिटून त्यानं एक जुनं गाणं सुरू केलं.

मी त्याला तीस वर्षं ऐकलंय. असं कधी ऐकलं नव्हतं. ताण नाही, शीर नाही, लढाई नाही. खालच्या सुरात त्याचा आवाज इतका गोड आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि मला कसं माहीत असणार? सात वर्षं मी त्याला खाली आणून ठेवलं होतं, पण त्याला वाटत होतं आपण वर आहोत, म्हणून तो खालच्या सुरातही वरच्यासारखाच गळा ताणत होता. मी सांगितलं असतं तर हा आवाज मला सात वर्षं आधी मिळाला असता, त्याच्याशेजारी बसून वाजवायला. शेजारी बायको बसली होती. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी खाली बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

जेवायला बसलो तेव्हा तो वाढायला आला. माझ्या पानात जिलबी टाकली, नको म्हणत असताना आणखी एक टाकली. मला काहीतरी बोलायचं होतं आणि दुसरं काही सुचेना. म्हणालो, “मघाशी कुठली पट्टी होती रे?”

“कुणास ठाऊक,” तो म्हणाला. “बरं वाटतं तिथून सुरू करतो.” आणि जिलबीचं ताट घेऊन पुढच्या माणसाकडं गेला.